प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या वाचनालयातून आपण हवे ते पुस्तक आणतो व वाचतो. परंतु ज्याला दृष्टीच नाही, त्याने ग्रंथ कसे वाचावेत?

गुलाबराव महाराजांचा जन्म 6 जुलै 1881 रोजी अमरावती जिल्ह्यात झाला. ते वर्षाचेही झाले नव्हते, तोच त्यांची दृष्टी गेली. पुढे बालपणीच मातृछत्रही हरपले. फ्रान्समध्ये लुई ब्रेल याने अंधांसाठी सहा टिंबांची लिपी 1824 सालीच सिद्ध केली होती. परंतु भारतातील पहिली अंधशाळा 1887 साली दूर अमृतसर येथे निघाली. वऱ्हाडातील खेड्यापर्यंत ती विद्या कोठून पोचणार?

महाराजांनी दुसऱ्यांच्या डोळ्यांनी वाचण्याचा मार्ग धरला. ते इतरांकडून ग्रंथ वाचवून घेत. वाचणारा थांबला, की त्यांचे वाचनही थांबे. म्हणून ऐकलेले सारे ते स्मरणात जपून ठेवीत. वेदान्तापासून डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांपर्यंत अनेक विषयांचे त्यांनी चिंतन केले. ते सांगत व शिष्य लिहून घेत. अशा रीतीने त्यांचे शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध झाले. लोक त्यांना आदराने प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. 20 सप्टेंबर 1915 रोजी, वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षी, पुणे येथे त्यांनी देह ठेवला.

आज ब्रेल लिपीतील ग्रंथ आहेत, ध्वनिमुद्रित पुस्तकेही आहेत. तथापि प्रत्येक पुस्तक अशा रूपात मिळत नाही. मुलांनो, तुमच्या शेजारी कोणी अंध वाचक असेल, तर रोज चार पाने त्याला वाचून दाखवा.