लोकांच्या हाती कारभार सोपविणारे श्रीसंत गाडगे महाराज

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्याने मातोश्री सखुबाईंसह ते दापुरे येथे मामांच्या घरी वाढले. गुरे राखली, शेतात घाम गाळला. सन १९०५ मध्ये संसाराचा त्याग करून ते लोकसेवेसाठी बाहेर पडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे. यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबा गावात आले की कोणास हुकूम करीत नसत. प्रथम स्वतः रस्ते व गटारे झाडू लागत. ते पाहून गावकरी आपापले खराटे घेऊन पुढे येत. रात्री कीर्तन होई. त्यात बाबा उपदेश थोडा करीत व प्रश्न फार विचारीत. कर्ज काढून सण करावा काय, दारू प्यावी काय, माणसाने माणसाचा विटाळ मानावा काय, याची उत्तरे श्रोतेच देत. उत्तर स्वतःच्या तोंडून निघाल्याने तो निर्णय बाबांचा न राहता गावाचा होई, आणि म्हणूनच तो टिके.

ऋणमोचन येथे पूर्णा नदीचा घाट, पंढरपूर, नाशिक, देहू व आळंदी येथे धर्मशाळा, अशी मोठी कामे लोकांच्या देणगीतून उभी राहिली. बाबांनी त्यातील एक पैही आपल्या नावावर ठेवली नाही. कामे पूर्ण होताच कारभार विश्वस्तांकडे सोपवून ते पुढच्या गावाला निघत. पंढरपूरची धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेच्या स्वाधीन केली. आपल्या पाया कोणी पडू नये, आपणास गुरू मानू नये, असाच त्यांचा आग्रह असे.

दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच त्यांची प्राणज्योत मालवली. पुढे २००० साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यातही खराटा गावकऱ्यांच्याच हाती राहिला.

जीर्णोद्धारास देणगी देणाऱ्याचे पुण्य मोठेच. परंतु उत्सव सरल्यावर देवळाचे अंगण रोज कोण झाडणार, दिवाबत्ती व हिशेब कोण पाहणार, हे गावाने एकत्र बसून ठरविले, तरच बांधलेले टिकते. बाबांचे अवघे जीवन हीच शिकवण देऊन गेले. त्या थोर विभूतीस विनम्र अभिवादन!