सत्यान्वेषी शरदिंदु बंद्योपाध्याय

मुलांच्या हातीं रहस्यकथेचें पुस्तक दिसलें कीं पुष्कळ पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. त्यांची भीति अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यांनीं अशा कथांतून सत्याची महती गायिली व उतारवय आपल्या महाराष्ट्रांत घालविलें, अशा एका बंगाली लेखकाचा परिचय येथें करून देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा जन्म ता. ३० मार्च १८९९ रोजीं जौनपूर येथें झाला. मुंगेर येथील शिक्षण आटोपून ते कलकत्त्याच्या विद्यासागर कॉलेजांत दाखल झाले. पुढें ते वकील झाले; पण त्या धंद्यांत त्यांचें मन रमेना. तो सोडून त्यांनीं लेखणीचाच आश्रय केला. सन १९३२ मध्यें त्यांनीं ब्योमकेश बक्षी हें पात्र निर्माण केलें. ब्योमकेशास गुप्त पोलीस म्हणवून घेणें रुचत नसे. तो स्वतःस सत्यान्वेषी, म्हणजे सत्याचा शोध घेणारा, म्हणवी. आमच्या आंधळगांवीं कोशाचें रेशीम हाताळणारांस ठाऊक आहे कीं, घाईनें ओढलेला तंतु तुटतो. ब्योमकेशहि पुराव्याचा एकेक धागा असाच धीरानें उलगडतो. पिस्तुलापेक्षां त्याची भिस्त बुद्धीवर अधिक असते.

सन १९३८ मध्यें हिमांशु राय यांच्या बॉम्बे टॉकीज या संस्थेच्या निमंत्रणावरून शरदिंदुबाबू मुंबईस आले व बोलपटांसाठीं कथा लिहूं लागले. संसारास स्थैर्य आलें, परंतु ब्योमकेश मागें पडला. सन १९३६ नंतर सुमारें पंधरा वर्षें त्याची एकहि नवी कथा निघाली नाहीं. अखेर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, सन १९५२ मध्यें, चित्रपटाचा धंदा सोडून ते पुण्यास येऊन राहिले. त्या वयांत बांधलेली मिळकत सोडणें सोपें नव्हे, हें कुटुंबवत्सल वाचकांस सांगावयास नको.

त्या त्यागाचें फळ मोठें आलें. ब्योमकेशाच्या ३२ पुऱ्या व एका अपुऱ्या कथेपैकीं बहुतेक ह्या उत्तरकाळांतील आहेत. शिवछत्रपतींच्या सैन्यांत शिरलेल्या सदाशिव नांवाच्या मराठी मुलाच्या गोष्टी त्यांनीं बंगाली बालकांसाठीं लिहिल्या. विजयनगरच्या काळावरील त्यांच्या तुंगभद्रार तीरे या कादंबरीस सन १९६७ मध्यें रवींद्र पुरस्कार मिळाला.

नवल असें कीं, त्यांनीं सोडलेला चित्रपट पुढें आपण होऊन त्यांच्याकडे आला. सन १९६७ मध्यें सत्यजित राय यांनीं चिडियाखाना ही ब्योमकेशकथा पडद्यावर आणली व दिग्दर्शनाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळविलें. ता. २२ सप्टेंबर १९७० रोजीं शरदिंदुबाबू निवर्तले. तरी सन १९९३ मध्यें दूरदर्शनवर व सन २०१५ मध्यें हिंदी चित्रपटांत ब्योमकेश पुन्हा अवतरला.

विद्यार्थिमित्रहो, रहस्यकथा वाचाल तेव्हां गुन्ह्याच्या चमत्कृतींत गुंतून न राहतां सत्य कसें शोधिलें जातें तिकडे लक्ष द्या. आणि पालकांस आमची विनंति कीं, पुस्तक हिसकावून घेण्यापूर्वीं त्याचीं चार पानें आपणहि वाचून पाहावीं.