वाकलेल्या पायांना सरळ चाल देणारे शल्यविशारद : सर विल्यम मॅकेवेन

(२२ जून, जयंतीनिमित्त विशेष)

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहर जहाजबांधणी आणि लोखंडाच्या कारखान्यांमुळे वैभवाला पोहोचले. त्या वैभवाची किंमत मात्र तेथील कामगारांच्या मुलांनी मोजली. कोंदट चाळी, निकृष्ट आहार आणि धुराने झाकोळलेले आकाश यांमुळे मुडदूस घरोघरी पसरला. मऊ पडलेली हाडे शरीराच्या भाराने वाकत. कुणाचे पाय धनुष्यासारखे बाहेर वळत, तर कुणाचे गुडघे चालताना एकमेकांवर आदळत. वाढत्या वयात ही हाडे त्याच आकारात टणक होत आणि मग पट्ट्या-खपच्यांचा उपयोग होत नसे. अशा मुलांना सरळ उभे करणारे शल्यविशारद म्हणजे सर विल्यम मॅकेवेन.

२२ जून १८४८ रोजी ब्यूट बेटावर जन्मलेल्या मॅकेवेन यांनी ग्लासगो विद्यापीठातून १८६९ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोसेफ लिस्टर हे त्यांचे गुरू. पुढे ग्लासगो रॉयल इन्फर्मरी ही मॅकेवेन यांची कर्मभूमी ठरली.

हाड कापून पाय सरळ करण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. पण जखमेत पू झाला की पाय, प्रसंगी प्राणही गमवावा लागे. वाकडा पाय हा काही जीवघेणा आजार नव्हे. त्यामुळे असा धोका पत्करणे बहुतेक शल्यविशारदांना मान्य नव्हते. शस्त्रक्रिया करायची, तर ती जवळजवळ निर्धोकच असली पाहिजे, हे मॅकेवेन यांनी ओळखले आणि स्वच्छतेला सर्वोच्च स्थान दिले. सुताराची पटाशी एकाच बाजूने उतरती असते. त्यांनी दोन्ही बाजूंनी समान निमुळते होणारे पोलादी हत्यार घडवून घेतले. रुग्णाला भूल देऊन, लहानशा छेदातून मांडीचे किंवा नडगीचे हाड ते नेमक्या जागी छेदत. बाक अधिक असल्यास हाडाची पाचर काढत. मग पाय सरळ करून खपच्यांत बांधला जाई आणि हाड नव्या रेषेत जुळून येई. गुडघे आत वळलेल्या रुग्णांसाठी त्यांनी रूढ केलेली मांडीच्या हाडावरील शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. १८८० मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

याच काळात हाडाच्या रोगाने दंडाचे हाड गमावलेला एक लहान मुलगा त्यांच्याकडे होता. वाकडे पाय सरळ करताना इतर रुग्णांच्या नडगीतून निघालेल्या पाचरी त्यांनी त्याच्या दंडात बसवल्या. त्या रुजल्या आणि हात पुन्हा कामाचा झाला. अस्थिरोपणाच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

मेंदूच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी अग्रेसर कामगिरी केली. १८९२ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९०२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पहिल्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये अर्स्किन येथे उभ्या राहिलेल्या रुग्णालयाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. तेथील कृत्रिम पायांसाठी त्यांनी जहाजबांधणीतील कारागिरांचे कौशल्य वापरले.

२२ मार्च १९२४ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर मुडदुसाचे मूळ सूर्यप्रकाश आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावात असल्याचे स्पष्ट होऊ लागले होते. पुढे हा रोग बराचसा टाळता येऊ लागला. तथापि, वाकलेले हाड नेमके छेदून सरळ जुळवण्याचे तत्त्व किशोरवयीन रुग्णांच्या शस्त्रक्रियांत आजही कायम आहे. जीव वाचवण्याइतकेच ताठ मानेने चालता येणेही मोलाचे आहे, ही जाणीव मॅकेवेन यांच्या कार्याने शल्यशास्त्राला दिली.