कै. नारायण मल्हार जोशी

मुंबईच्या गिरण्यांत राबलेल्या आपल्या शहापूर-मुरबाडकडील कुटुंबांना डिलाईल रोड ठाऊक आहेच. तो आज ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते हे ना. म. जोशी. जन्म १८७९, कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावी. १९०९ साली ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात शिरले.

१९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे ते आधारस्तंभ. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात मात्र मूळ हेतूवरच वाद पेटला: संस्था मजुरांच्या वेतनासाठी व कायद्यांसाठी, की क्रांतीसाठी? सरकारी मजूर आयोगावर बहिष्कार ठरला. जोशी तर त्याचे सभासद! सहकाऱ्यांसह बाहेर पडून त्यांनी निराळे फेडरेशन उभारले. फुटीने मजुरांचेच बळ घटले, असे आम्हांस वाटते.

परंतु परतीचे दार त्यांनी लोटले नाही. १९४० साली दोन्ही संस्था एक झाल्या व सरचिटणीसपद पुन्हा जोशींकडे आले. १९५५ साली ते निवर्तले.