डॉ. होमी भाभा : अणुभट्टीच्या आधीचे

आपल्या बॅचमधल्या बऱ्याच जणांनी बारावीनंतर वडिलांच्या सांगण्यावरून इंजिनिअरिंगचा फॉर्म भरला, मीही त्यातलाच. होमी भाभांचे काही वेगळे नव्हते. जन्म मुंबईचा, 30 ऑक्टोबर 1909. मुलाने केंब्रिजला मेकॅनिकल करावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, असा घरच्यांचा बेत. त्यांचे मन मात्र भौतिकशास्त्रात. तसे त्यांनी वडिलांना पत्राने स्पष्ट कळवले. वडिलांनी अट घातली : आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग, मग गणिताचा खर्च माझा. 1930 साली मुलाने अट पुरी केली आणि वडिलांनीही शब्द पाळला. मला या चरित्रात हाच भाग मोठा वाटतो. दोघांपैकी एकजण जरी फिरला असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

शाळेत आपण त्यांना अणुभट्टीवाले म्हणून ओळखले. पण कणांच्या टकरी टिपणारी यंत्रे बांधणाऱ्यांच्या तोंडी त्यांचे नाव रोज असते, ते दुसऱ्याच कारणाने. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणित भाभांनी विशीतच मांडले. त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात. जिनिव्हाजवळच्या 27 किलोमीटर घेराच्या लेप यंत्रात (1989 ते 2000) एकूण टकरी किती झाल्या, हे ठरवायला असे विखुरलेले कणच मोजत. त्यासाठी नळीच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या मोजणीयंत्रांच्या मापात केसाच्या जाडीएवढी चूकही चालत नसे. वाळूजला मायक्रॉन सांभाळणाऱ्या आपल्या मित्रांना याची किंमत कळेल! हलक्या न्यूट्रिनोंच्या जाती तीनच, हा निष्कर्ष या मोजणीवर उभा आहे.

1937 साली हायटलरसोबत त्यांनी आणखी एक कोडे सोडवले. वेगवान इलेक्ट्रॉन शिशात शिरला की फोटॉन फेकतो, फोटॉनमधून नवी जोडी जन्मते, तिच्यातून पुन्हा फोटॉन; शेवटी कणांची सरच कोसळते. सर मोजली की पहिल्या कणाची ऊर्जा कळते. आजचे कॅलरीमीटर याच तत्त्वावर चालतात.

1939 साली ते सुट्टीवर भारतात आले, युद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. कारभार वाढला तसे स्वतःचे संशोधन मागे पडले. भौतिकशास्त्राचे हे नुकसानच. पण माणसे त्यांनी कामाला लावली. फुग्यांना उपकरणे बांधून आकाशात सोडली, तर त्यांच्याच सांगण्यावरून कोलारच्या सोन्याच्या खाणीतही उतरवली. तिथे दोन किलोमीटरहून खोल, 1965 साली, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या.

पुढच्याच वर्षी, 24 जानेवारीला, व्हिएन्नाच्या बैठकीला जाताना त्यांचे विमान जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँवर कोसळले. त्याच जिनिव्हाजवळ आज सीएमएस हे अवाढव्य यंत्र आहे. त्याच्या बाहेरच्या कॅलरीमीटरमधल्या, कण गेला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या फरशा बनवण्याच्या कामात कुलाब्याच्या त्यांच्या संस्थेचा मोठा वाटा होता.