विश्लेषण : एकट्याने फिरलेले चक्रधर स्वामी लोणारच्या काठी कसे पोहोचले? 750 वर्षे जुन्या प्रवासाची गोष्ट

जऊळका : अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या जऊळका स्थानकात सायकल उतरवायची. मालेगाव, डोणगाव, मेहकर, सुलतानपूर करत संध्याकाळपर्यंत लोणार गाठायचे. रस्ता सपाट नाही. माळ चढायचा, नाल्यापर्यंत उतरायचे, की पुढचा माळ समोर हजर. मेहकरला पैनगंगा लागते आणि शेवटी बेसॉल्टच्या खडकातला तो प्रचंड खड्डा. सायकलवाल्याला हा एका दिवसाचा मार्ग आहे, दमवणारा पण होण्यासारखा. यातल्या मेहकर आणि लोणार या दोन्ही ठिकाणी तेराव्या शतकात एक माणूस एकटाच, पायी आला होता. त्याच्या मुक्कामाची नोंद मराठीतल्या पहिल्या मोठ्या गद्य ग्रंथात आहे. आज ज्याला आपण सोलो ट्रॅव्हल म्हणतो, त्याचे इतके जुने मराठी उदाहरण दुसरे चटकन सापडत नाही. हे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी.

पंथाबाहेरच्या बहुतेकांना चक्रधर शाळेच्या पुस्तकापुरते माहीत असतात : लीळाचरित्र, म्हाइंभट, मराठीचा आग्रह, इतकेच. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग प्रवासात गेला. तो नकाशावर ठेवून पाहिला तर थक्क व्हायला होते.

गुजरातेतला प्रधानपुत्र विदर्भात कसा?

परंपरेनुसार त्यांचे मूळ नाव हरिपाळदेव. गुजरातेतल्या भडोचच्या प्रधानाचे, विशाळदेवांचे ते पुत्र. घरात सत्ता, पैसा, पत्नी कमळाइसा आणि जुगाराचा नाद. एकदा जुगारात मोठी रक्कम हरले. ती फेडायला पत्नीने दागिने देण्यास नकार दिला आणि हरिपाळदेवांचे मन संसारातून उडाले, असे चरित्रात येते. हरिपाळदेवांचे निधन झाले आणि त्या देहात द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी प्रवेश केला, अशीही महानुभावांची श्रद्धा आहे. ती श्रद्धा म्हणूनच वाचावी. जुगाराचा प्रसंग मात्र पंथाच्याच लेखकांनी झाकून ठेवला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

वडिलांकडे त्यांनी रामटेकच्या यात्रेची परवानगी मागितली. वडील आधी तयार नव्हते. शेवटी सोबत लवाजमा देऊन पाठवले. वाटेत हरिपाळदेव एकेकाला परत धाडत गेले आणि एकटे पुढे निघाले. रामटेकऐवजी ते थांबले आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. तिथे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ भेटले आणि त्यांच्याकडूनच चक्रधर हे नाव मिळाले. भडोच ते रिद्धपूर हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी 500 किलोमीटरच्या घरात जाते. पायवाटेने ते किती झाले असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

एकांक म्हणजे काय?

लीळाचरित्राचे तीन भाग आहेत : एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. एकांक म्हणजे स्वामी एकटे होते तो काळ. रिद्धपूरहून ते सातपुड्यातल्या सालबर्डीच्या डोंगरात गेले. हा भाग आज महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर येतो. परंपरा सांगते की तिथे ते 12 वर्षे राहिले. ग्रंथात मात्र या 12 वर्षांना मोजक्या लीळा मिळाल्या आहेत. पुढच्या सहा-सात वर्षांतले तर ते कधी उठले, कुठे बसले, कोणाशी काय बोलले इथपर्यंत तपशील मिळतो.

कारण अगदी व्यवहारी आहे. डोंगरात पाहणारे कोणी नव्हते. एकटा माणूस जे जगला त्यातले फक्त त्याने नंतर स्वतः सांगितलेले, किंवा वाटेत भेटलेल्या कोणाच्या लक्षात राहिलेले तेवढेच उरले. जीपीएस बंद ठेवून केलेल्या राइडसारखे. प्रवास झाला, पण रेषा उमटली नाही.

डोंगरातून उतरल्यावर ते दक्षिणेला आंध्रात गेले. घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर ओरंगल, म्हणजे आजचे वारंगळ, गाठले. तिथे त्यांचा विवाह झाला, काही काळ संसार झाला आणि तोही मागे ठेवून ते पुन्हा निघाले. हा भाग वाचताना अडखळायला होते. मागे राहिलेल्या पत्नीचे पुढे काय झाले, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडतोच. पुढे झाडीमंडळात, भंडाऱ्याला निळभट्ट भांडारेकर भेटले आणि ते स्वामींसोबत निघाले. एकट्याच्या वाटेवरची ही पहिली साथ. पण निळभट्टांचा देह पडला आणि स्वामी पुन्हा एकटे झाले.

मेहकर, लोणार आणि यादवांचा राजा

मेहकरला स्वामींची भेट बोणेबाई या स्त्रीशी झाली. ओळखपाळख नसलेल्या, गावाबाहेरच्या देवळात उतरलेल्या माणसाला तिने अन्न दिले, सेवा केली. मुक्काम गावाच्या कडेला, जेवण भिक्षेवर, उद्याची सोय आज करायची नाही, अशी ही राहणी होती. असा प्रवास गावातल्या कोणाच्या तरी भल्या मनावर चालतो, आणि चक्रधरांच्या बाबतीत ते कोणीतरी बरेचदा स्त्रीच होती.

लोणार तेव्हाही तीर्थ होते. कड्यातून पडणारी गोड्या पाण्याची धार, काठची देवळे, खाली खारट पाण्याचे तळे. उल्कापाताने हे विवर झाले हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आणि काठापासून खोली 130 मीटरहून जास्त. 1823 मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने ते पाहिले. लोणारचा शोध त्या साली लागला, असे आजही बिनधास्त छापले जाते. त्याच्या साडेपाचशे वर्षे आधी याच ठिकाणाचे वर्णन मराठीत आलेले असताना असे छापणे जरा गमतीचेच.

देवगिरीचा यादव राजा कान्हरदेव, म्हणजेच कृष्णदेव, लोणारला आला आणि स्वामींना भेटला, असा प्रसंग एकांकात आहे. कान्हरदेवाचा काळ साधारण 1247 ते 1261. राज्य ऐन भरात होते. राजाने धन पुढे केले. स्वामींना त्याचा लोभ नव्हता. राजाश्रय मिळाला असता तर स्वामींचे पुढचे आयुष्य कदाचित देवगिरीत सुखात गेले असते. ते झाले नाही. काही वर्षांनी त्याच देवगिरीतल्या वजनदार मंडळींचा रोष त्यांच्यावर ओढवला.

सोबती मिळाल्यावर दिवस कसा जायचा?

पैठणला स्वामींनी संन्यास घेतला. परंपरेने दिलेले वर्ष शके 1190, म्हणजे 1268. इथून एकांक संपतो. नागदेवाचार्य, महदाइसा, बाइसा अशी माणसे भोवती जमली आणि नोंद दाट होत गेली. सकाळी विहरण, म्हणजे गावाबाहेर फेरफटका. मग आरोगणा, म्हणजे जेवण. दुपारची विश्रांती, संध्याकाळची व्याळी, रात्री पहुड. हे सगळे शब्द लीळाचरित्रातलेच.

शिष्यांना मात्र त्यांनी एकट्याचाच दिनक्रम लावून दिला. अटन, विजन, भिक्षा, भोजन, स्मरण. चालत राहायचे, निर्जन जागी बसायचे, चार घरी मागायचे, मिळेल ते खायचे आणि ईश्वराचे स्मरण करायचे. भिक्षेत घराची जात पाहायची नाही. विटाळाच्या कल्पना त्यांनी मानल्या नाहीत. मासिक पाळी हा शरीराचा धर्म आहे, त्याने बाई अपवित्र होत नाही, असे त्यांचे सांगणे होते. स्त्रियांना संन्यासाचा अधिकारही दिला. तेराव्या शतकात हे सगळे झेपणारे नव्हते. गुजरातेतून आलेल्या या माणसाने उपदेश केला तो लोकांच्या मराठीत, आणि शिष्यांना महाराष्ट्रातच राहायला सांगितले.

विरोध वाढत गेला. महानुभाव ग्रंथांत रामदेवराव यादवाच्या काळातला मंत्री हेमाद्री याचे नाव या संदर्भात येते. शके 1196, म्हणजे 1274 मध्ये स्वामी उत्तरापंथे गेले, असे पंथ मानतो. सोबत कोणाला घेतले नाही. नोंदही तिथेच थांबते.

मग हे सगळे आपल्यापर्यंत पोहोचले कसे?

इथे म्हाइंभटांना श्रेय द्यायला हवे. स्वामी गेल्यावर ते त्यांना पाहिलेल्या माणसांकडे गेले, आठवणी गोळा केल्या, रिद्धपूरला नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. 1278 च्या सुमाराचे हे काम. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर ग्रंथात दोन्ही पाठ दिसतात. आजही सगळे वार्ताहर इतके पथ्य पाळत नाहीत.

पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली. शिष्यांना तो ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला. नंतर पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या. त्यामुळे त्या जपल्या गेल्या, पण बाहेरच्या मराठी वाचकाला शतकानुशतके बंद राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. लीळाचरित्राची संपादित आवृत्ती 1978 मध्ये आली ती वि. भि. कोलते यांची. कोलतेही बुलडाणा जिल्ह्यातलेच, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे.

स्थानपोथी नावाचा आणखी एक ग्रंथ आहे, चौदाव्या शतकातला. स्वामी कुठल्या गावात कुठे उतरले, देऊळ गावाच्या कोणत्या बाजूला, दाराचे तोंड कुठल्या दिशेला, एवढीच माहिती त्यात गावोगावची दिली आहे. कथा नाही, उपदेश नाही, फक्त जागा. मेहकर आणि लोणारही त्यात आहेत. आज अशा अनेक जागी महानुभावांचे ओटे आहेत आणि भाविक ते शोधत पायी फिरतात. सायकलवर निघालेल्याने मेहकर मागे टाकताना ही पोथी मोबाइलमध्ये ठेवायला हरकत नाही. फक्त पाणी वाटेतच भरून घ्यावे. लोणारच्या तळ्याचे पाणी पिता येत नाही.