गुणग्राहक गुरुवर्य : कै. कृष्णराव अर्जुन केळुसकर

वेंगुर्ल्याजवळील केळूस गावी १८६० साली मराठा ज्ञातीत जन्मलेले कै. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्रकार म्हणून आमच्या वाचकांस परिचित आहेत. नवघरास येऊन स्थिरावलेल्या आपल्या कोकणी कुटुंबांस त्यांचे नाव घरचेच वाटावे. परंतु ग्रंथकर्तृत्वाइतकीच मोलाची अशी एक कामगिरी त्यांच्या हातून घडली, आणि आम्ही आज तिच्याविषयी लिहीत आहोत.

केळुसकर मुंबईस विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. सायंकाळी ते चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथे एक शाळकरी मुलगा नित्य पुस्तकात डोके घालून बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलातला, रामजी सुभेदारांचा भीमराव. परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राहणारे, जात महार. त्या काळी ही शेवटची माहिती कळताच पुष्कळ सुशिक्षितांचे औत्सुक्य तेथेच संपले असते. केळुसकरांनी मात्र त्या दिवसापासून त्यास आपल्याजवळची पुस्तके वाचावयास देण्यास आरंभ केला.

त्या मुलास क्रमिक पुस्तके पुरत नसत. वडील विवाहित मुलींकडून उसने पैसे आणीत, प्रसंगी त्यांचा दागिनाही गहाण ठेवीत, पण पुस्तक आणून देत. अशा बुद्धीला खाद्य कोणते द्यावे, हे जाणणारा माणूस मात्र हवा होता, आणि तो केळुसकरांच्या रूपाने भेटला. पुढे परीक्षेतील यशाबद्दल परिचितांनी भीमरावांच्या सत्काराची सभा योजिली. मुलाच्या डोक्यात वारे शिरेल या भयाने सुभेदारांचा तीस विरोध होता. केळुसकरांनी त्यांची समजूत घातली, आणि सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती ठेविले.

आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात आपण टक्केवारी पाहून प्रशस्तिपत्र देतो आणि पुढच्या वर्षापर्यंत त्या मुलास विसरतो, हे येथे नमूद केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. बुद्धिमान विद्यार्थी कसोटी घेऊन निवडावेत व शाळेबाहेर त्यांस अधिक काही द्यावे, यासाठी पुण्यास ज्ञान प्रबोधिनी निघाली ती १९६२ साली. केळुसकरांजवळ ना कसोटी होती, ना संस्था. मुलगा मोकळ्या वेळात काय करतो, हे त्यांनी पाहिले होते, एवढेच. शिवाय तो मुलगा त्यांच्या ज्ञातीचा नव्हता, ही गोष्ट ज्ञातिमंडळाच्या अंकात मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

इंटरची परीक्षा झाली आणि सुभेदारांजवळचा पैसा संपला. तेव्हा केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला व भीमरावांस त्यांच्या भेटीस नेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, समाधान झाल्यावर दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. शिफारसपत्र लिहून मोकळे होणारे पुष्कळ असतात. सोबत उठून जाणारे थोडे. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले, आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

१९३४ साली केळुसकर निवर्तले. १९५६ च्या एप्रिल महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तीत त्यांनी त्या सभेचा, त्या पुस्तकाचा आणि दादा केळुसकरांचा नावानिशी उल्लेख केला आहे.